धडधाकट पायाचं प्लास्टर

मेहुण्याचा डावा पाय

मेहुण्याचा डावा पाय मोडलेला नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे इतक्या लोकांनी इतक्या कळवळ्याने त्याची चौकशी केली, की खुद्द मेहुण्यालाही तो मधूनमधून ठणकायला लागला. पण मोडलेला नव्हता. रविवारी सकाळी तो पाय दोन-दोन पायऱ्या एकदम चढत बहिणीच्या घरी आला, समोरच्या स्टुलावर जाऊन पसरला, आणि त्याचा मालक म्हणाला, "घ्या भाऊजी. आपलाच समजा."

भाऊजी म्हणजे मास्तर. शाळेतले नव्हेत. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून, एक ओलसर खोली होती. आत एक टेबल, एक नळ, दोन बादल्या, आणि भिंतींवर कमरेइतक्या उंचीपर्यंत पांढरे शिंतोडे. या खोलीत मोडक्या हातापायांना प्लास्टर घालण्यात मास्तरांची उमेदीची वर्षं गेली होती. आणि आता या खोलीचं गोदाम होणार होतं. कारखान्यातून तयार पट्टे यायला लागले होते. ते नर्सनेच बांधायचे. बादली नको, पाणी नको, वाळेपर्यंत थांबायला नको, आणि ओघानेच मास्तर नकोत. त्यांचं कंत्राट वर्षअखेरीस संपतंय आणि पुढे वाढवणार नाहीत, हे मोठ्या डॉक्टरांनी त्यांना लिफ्टमध्ये सांगितलं. खांद्यावर हात ठेवून. मास्तरांना खरं तर पहिल्याच मजल्यावर उतरायचं होतं. पण खांद्यावर हात असताना उतरायचं कसं, म्हणून ते सगळी बातमी ऐकत वरपर्यंत गेले आणि जिन्याने खाली आले.

तयार पट्ट्यांची खोकी मात्र वर्षअखेरीची वाट पाहत बसली नाहीत. ती आधीच येऊन राहिली. रोज सकाळी मास्तर खोली उघडत तेव्हा खोकी आदल्या दिवसापेक्षा थोडी पुढे सरकलेली असत, आणि टेबल थोडं मागे.

तिकडे मात्र माणसं धडाधड पडत होती. तिकडे, म्हणजे त्या दूरच्या थंड देशात. तिथे म्हणे हिवाळाभर रस्त्यावर बर्फ असतो आणि हिवाळाभर लोक त्यावरून चालायचा हट्ट धरतात. तिथल्या एका मोठ्या दवाखान्याला अनुभवी प्लास्टरवाले हवे होते. अट एकच: आधी नोकरी पक्की, मग देशात पाऊल. आधी येतो, मग दारोदार फिरून काम शोधतो म्हणणाऱ्याला विमानतळावरूनच परत पाठवतात. आणि नोकरी पक्की व्हायची तर काम दाखवायला हवं, इथे बसून. प्लास्टर घालतानाचा व्हिडिओ पाठवा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये कुठेही न तोडलेला. जिवंत माणसावर घातलेलं हवं. मात्र तो माणूस पेशंट असता कामा नये, कारण पेशंटचं चित्रण तिकडे गुन्ह्यात जमा होतं.

म्हणजे माणूस हवा, प्लास्टर हवं आणि मोडलेलं काहीच नको. अशी माणसं फक्त नात्यात मिळतात.

बायकोने फोन धरला. खिडकीशी दिवाणावर सासरेबुवा पेपर वाचत होते. वाचत होते म्हणजे धरून होते. सासूबाई गेल्यापासून ते लेकीकडेच असत, आणि जावयाच्या घरी राहतोय हे कोणाला जाणवू नये म्हणून घरातली शक्य तितकी कमी जागा व्यापत. दिवसा दिवाणाचं एक टोक, जेवताना टेबलाचा एक कोपरा.

"अहो, सुरू करा. बॅटरी कमी आहे," बायको म्हणाली.

आणि मास्तरांनी सुरुवात केली. बोलायला.

कारण त्यांची ती पद्धतच होती. बोलल्याशिवाय त्यांचे हात चालत नसत. कापसाची पट्टी गुंडाळता गुंडाळता ते विचारत, "घरात पंखा कोणी लावला? स्वतः? अरे वा! आवाज करतो का?" प्लास्टरची गुंडाळी पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत धरायची, तेवढ्यात पेशंटच्या बाथरूमचा नळ गळतो की नाही याचा निकाल लागलेला असे. आणि डॉक्टर हाड ओढून जागेवर बसवणार, त्या क्षणाला मास्तर अगदी सहज म्हणत, "निघताना गॅस बंद केला होता ना?" पेशंट मनाने थेट स्वयंपाकघरात. तो घरी पोचून बटणाकडे बघतोय तोवर हाड बसलेलंही असे. सगळ्या डॉक्टरांना हे ठाऊक होतं. अवघड मनगट असलं की ते हळूच म्हणत, "मास्तर, गॅस." अर्थात, पुढे दोन-चार जण अर्ध्या प्लास्टरनिशी घरी पळालेही, पण ती पद्धत चालत असल्याचीच खूण.

मेहुण्याशी मास्तर गाडीच्या हप्त्यांपासून त्याच्या साहेबाच्या विगपर्यंत सगळं बोलले. वेढ्यावर वेढा बसत गेला. प्लास्टर असं उतरलं, की पायाने पांढरा पायमोजा घातल्यासारखं दिसावं. व्हिडिओ गेला. बायकोने चहा टाकला. मेहुणा म्हणाला, "झकास. आता काढा."

मास्तरांनी घोट घेतला. मग आणखी एक घेतला.

"कटर हॉस्पिटलात आहे," ते म्हणाले.

तोच पाय, हॉस्पिटलात

"केसपेपर," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"बाई, घालायचं नाहीये. नुसतं काढायचंय."

"मास्तर, तुमच्याच दारावर पाटी आहे. 'केसपेपरशिवाय कटर चालणार नाही.' अक्षरही तुमचंच आहे."

होतं खरं. चांगलं ठसठशीत होतं.

"बरं, काढा नवा."

"कारण? पडले, आपटले, वाहन, मारामारी. चारातलं एक सांगा."

"काहीच झालेलं नाही."

"तसा रकाना नाही."

"पडलो लिहा," मेहुणा एका पायावर उभा राहून कंटाळला होता.

"कशावरून?"

"बहिणीच्या सांगण्यावरून."

बाईंनी 'जिना' लिहिलं. जिना म्हटल्यावर एक्स-रे आला. एक्स-रे म्हटल्यावर डॉक्टर आले. नवीनच होते, त्यामुळे त्यांना अजून सगळ्यात रस होता. त्यांनी फिल्म उजेडासमोर धरली, फिरवली, पुन्हा धरली.

"काय जुळलंय हो! कुठे मोडलं होतं ते कळतसुद्धा नाही. कोणी घातलं हे?"

"यांनीच," मेहुणा म्हणाला.

"मास्तर, कमाल आहे तुमची. रेघसुद्धा उरलेली नाही!"

इतक्या वर्षांत या खोलीत मिळालेली ही पहिली शाबासकी, आणि तीही न मोडलेल्या हाडासाठी. मास्तरांनी ती घेतली. खोक्यांना वळसा घालून त्यांनी कटर काढला, आणि तो सुरू असेपर्यंत कोणाशी बोलावं लागलं नाही, हे बरंच झालं.

मेहुण्याच्या ऑफिसात तोवर पायाची बातमी पोचली होती. मेहुण्यानेच पोचवली होती. पुढचे पंधरा दिवस तो घरी राहिला. लोक येत, पायाकडे बघून चुकचुकत, कोणाकोणाची हाडं कशी कायमची वाकडी राहिली ते तपशीलवार सांगत, आणि त्याला धीर देऊन जात. सासरेबुवाही एकदा बघायला गेले. "बरं वाटतंय का पायाला?" एवढं विचारून, खोलीभर नजर टाकून परत आले.

आभार

तिकडून उत्तर आलं. एका बाईंचं होतं. आता इथून पुढे सगळा व्यवहार त्याच बघणार होत्या.

त्यांनी मास्तरांचे मनापासून आभार मानले होते. मेहुण्याचेही मानले होते, पायाचा वेगळा उल्लेख करून. घरात आनंदीआनंद झाला. सोसायटीच्या जिन्यात अभिनंदन झालं. मग बायकोने चष्मा लावून आभारांच्या खाली वाचलं. हात उत्तम आहेत, असं बाईंचं म्हणणं होतं. पण आपण सतत बोलत आहात आणि काय बोलत आहात ते आम्हाला समजत नाही. इथे प्रत्येक कृतीपूर्वी समोरच्या व्यक्तीला आमच्या भाषेत ती समजावून सांगून तिची परवानगी घ्यावी लागते. कृपया पुन्हा पाठवावे.

तेव्हापासून या घरात आभार म्हटलं की सगळे आधी खाली बसत.

काकांचं मनगट

वरच्या मजल्यावर एक काका राहत. ते तिकडे जाऊन आलेले होते. मुलाकडे एक हिवाळा काढला होता, आणि थंडीमुळे सगळा हिवाळा खिडकीत काढला होता. त्यामुळे त्या देशाबद्दल त्यांची मतं अतिशय ठाम होती, आणि सगळी खिडकीएवढी होती.

"तिकडे माणसं घाईत नसतात," काका म्हणाले. "सगळी डावीकडून उजवीकडे जातात."

"आणि परत येताना?"

"परत येताना कोणी दिसलं नाही."

काकांचा सल्ला असा, की हसायचं. तिकडे सगळे हसतात. दात दिसले पाहिजेत. मेहुण्याचा सल्ला असा, की वाक्यं पाठ करायची. ती तोच बसवून देणार होता, कारण घरी बसून त्याला वेळच वेळ होता. बायकोचा सल्ला असा, की मागे भिंतीवरचा ओलीचा डाग दिसतो तो चादरीने झाकावा. सोसायटीच्या सेक्रेटरींचा सल्ला असा, की जाण्याआधी फ्लॅट भाड्याने देणार असाल तर अर्ज आजच करावा, कमिटीला वेळ लागतो. तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनी मास्तरांच्या कोटाची मापंच घेऊन टाकली, कोणी सांगितलेलं नसताना. दंड मोजताना म्हणाल्या, "तिकडे सुटाल हो सगळ्यातून," आणि मास्तरांना उगाचच आपण आजारी आहोत असं वाटलं.

हॉस्पिटलातही कळलंच. मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा खांद्यावर हात ठेवला. "उत्तम केलंत. म्हणजे आता आम्हालाही काही वाटायला नको." आणि वर्षअखेरीला खोली रिकामी करायचं जे ठरलं होतं, ते अलीकडे ओढून घेतलं. जाणारच आहात, मग खोळंबा कशाला?

म्हणजे नोकरी तिकडची मिळाली नव्हती आणि इकडची वेळेआधीच निघाली होती. हे मास्तरांना जिन्यात, टेकून उभं राहिल्यावर, नीट समजलं.

वाक्यं तयार झाली. तिकडच्या भाषेत ती फार भारदस्त होती. त्यांचा अर्थ साधारण असा: 'महोदय, मी आता आपल्या अवयवास स्पर्श करू इच्छितो.' 'महोदय, प्लास्टर घट्ट होताना आपणास उष्णता जाणवेल, ती स्वाभाविक आहे.' 'महोदय, आपली बोटे हलवून मला उपकृत करावे.' मास्तर ही वाक्यं आंघोळ करताना म्हणत, भाजी आणताना म्हणत. भाजीवाली एकदा घाबरली.

काकांनी मनगट पुढे केलं. चादर लागली. फोन सुरू झाला.

"हसा," काका ओठ न हलवता म्हणाले.

मास्तर हसले. मग स्पर्श करू इच्छितो म्हणाले. पट्टी हातात घेतली, आणि हात थांबले. पुढचं वाक्य आठवत होतं. पट्टी कशी धरायची ते आठवत नव्हतं. पट्टी धरली की वाक्य जायचं, वाक्य आलं की पट्टी सुटायची. जन्मभर तळहाताने दाबणारा माणूस, त्याने बोटांची टोकं टेकवली. प्लास्टरला खळगे पडले. वेढे एकमेकांवर चढले. गुंडाळी बादलीत पडली आणि काकांच्या पांढऱ्या विजारीवर शिंतोडा उडाला. उष्णता जाणवेल हे वाक्य येईपर्यंत उष्णता जाणवून थंडही झाली होती. आणि या सगळ्यातून मास्तरांचे दात दिसत राहिले.

बायकोने फोन बंद केला. काकांच्या मनगटावर जे काही होतं ते पाहून सासरेबुवांनीही पेपर खाली घेतला.

"तिकडे असं असतं का हो?" काकांनी चाचरत विचारलं.

तरी बायकोच्या हट्टाने तो व्हिडिओ गेलाच. मिनिटभरात आभार आले.

सेक्रेटरींचा अंगठा

हा मिळाला नाही. त्यांनी कमिटीसमोर विषय ठेवतो म्हणून सांगितलं. तो अजून ठेवलेला नाही.

सासरेबुवांचा उजवा हात

आभारांसोबत एक शेवटची संधी होती. समोरासमोर. तिकडे सकाळ असेल आणि इकडे संध्याकाळ, अशा वेळी बाई आणि त्यांचे दोन वरिष्ठ स्क्रीनवर येतील, मास्तरांनी त्यांच्या देखत काम करायचं. यानंतर विचार होणार नव्हता.

ज्या दिवशी हे ठरलं त्याच दिवशी मास्तरांनी हॉस्पिटलात किल्ली जमा केली. खोलीत आता आत शिरायलाच जागा नव्हती. दार अर्धंच उघडत होतं. त्या अर्ध्या दारातून हात घालून त्यांनी आपला जुना ॲप्रन खिळ्यावरून काढला. टेबल दिसलं नाही. ते खोक्यांच्या मागे कुठेतरी असणार.

ठरल्या संध्याकाळी लॅपटॉप डब्यांच्या उतरंडीवर बसला, बादली आली, कोमट पाणी आलं. फक्त माणूस आला नाही. मेहुण्याला साहेबांनी बस पकडायला धावताना पाहिलं होतं, त्यामुळे त्याने यापुढे कुठलाही अवयव उसना द्यायचा नाही असं ठरवलं होतं. तो आला, पण दाराआडून वाक्यं सांगायला. काकांच्या मनगटाला पुरळ उठली होती. बायकोने लॅपटॉप धरायचा होता, कारण उतरंड डुगडुगत होती.

स्क्रीन उजळली. बाई दिसल्या. त्यांच्या मागे पांढरी भिंत, इतकी पांढरी की डोळ्यांत खुपावी. त्यांनी सुरुवातीलाच आभार मानले. मास्तर खाली बसले.

"माझा घ्या," कोपऱ्यातून आवाज आला. सासरेबुवांनी पेपर घडी करून ठेवला होता आणि बाही वर सारत होते. "नाहीतरी तो काही करत नाही."

म्हातारा हात. कातडी सैल, खाली निळ्या शिरा. मास्तरांनी तो उशीवर घेतला आणि म्हणाले, "महोदय, मी आता आपल्या अवयवास स्पर्श करू इच्छितो."

सासरेबुवा त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना ती भाषा येत नव्हती. "काय म्हणालात?"

बाई थांबल्या. परवानगी आल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

"बाबा, हो म्हणा!" दाराआडून मेहुणा.

"कशाला हो म्हणू? कळू तर दे."

"बाबा!" बायको दात आवळून म्हणाली. उतरंड हलली, स्क्रीनवरची माणसं तिरकी झाली.

"बरं, हो," सासरेबुवा स्क्रीनकडे बघून म्हणाले, आणि त्यांनी नमस्कारही केला, डाव्या हाताने.

मास्तरांनी पट्टी घेतली. पुढचं वाक्य शोधलं. सापडलं नाही. पहिला वेढा सुरकुतला. तो त्यांनी उलगडला. पुन्हा घातला, पुन्हा सुरकुतला. तिकडच्या एका वरिष्ठांनी घड्याळाकडे पाहिलेलं त्यांना दिसलं. घाम कपाळावरून नाकावर आला.

तेव्हा सासरेबुवा हळूच, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "जावईबापू, तुम्ही गेल्यावर माझं अंथरूण कुठे पडायचं?"

मास्तरांचे हात थबकले. मग पट्टी वळू लागली.

"इथंच. लेक आहे ना तुमची."

"वर्षाने तीही जाईल तुमच्यामागे."

"मग... यांच्याकडे." मास्तरांनी हनुवटीने दाराकडे खूण केली.

"त्याच्याकडे दिवाण मावत नाही. बघून आलोय."

"कधी?"

"पाय बघायला गेलो होतो तेव्हा. पायाला काही झालेलं नाही हे मला माहीतच होतं. दिवाण मावतो का ते बघायला गेलो होतो."

बायकोने मान खाली घातली. लॅपटॉप मात्र घट्ट धरला. मास्तरांनी गुंडाळी पाण्यात बुडवली, बुडबुडे थांबले, पिळली. "विचारायचं होतंत ना मला."

"कसं विचारणार? तुम्ही दिवसभर महोदय महोदय करत होतात."

"तिकडे गेल्यावर आधी मोठं घर बघतो. तुम्हालाही नेऊ."

"मी बर्फावरून घसरेन."

"मग मी कशाला आहे?"

सासरेबुवा हसले. मास्तरांनी हसता हसता पुढचा वेढा अर्ध्यावर चढवला, तळहाताने चापला. ते पंख्याबद्दल बोलले, खिडकीतल्या काकांबद्दल बोलले, दिवाणाची एक बाजू करवतून तो लहान करता येईल का यावर बोलले, सासूबाईंबद्दल बोलले, ज्यांच्याबद्दल या घरात फारसं कोणी बोलत नसे. स्क्रीन त्यांना दिसत नव्हती. कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत प्लास्टर उतरलं. कुठे खळगा नाही, कुठे कड नाही. ऊब धरू लागलं तसं सासरेबुवांनी डोळे मिटले.

"बरं वाटतंय," ते म्हणाले.

मग मास्तरांना आठवलं. त्यांनी वर पाहिलं. तिकडची तिन्ही माणसं पुढे वाकून बघत होती. बाईंनी आभार मानले. वरिष्ठांनीही मानले, दोघांनीही, वेगवेगळे. स्क्रीन काळी झाली.

"गेलं," बायको म्हणाली.

कोणाचाच पाय नाही

फोन आला तेव्हा मास्तर ओट्याशी उभे राहून कांदा चिरत होते. हल्ली दिवसभर ते घरीच असत. बाईच बोलत होत्या. मेहुणा धावत आला आणि एकेक वाक्य उतरवून सांगत गेला. या वेळी आभार शेवटी होते.

नोकरी होती. मास्तरांचे हात पाहून तिकडची सगळी माणसं थक्क झाली होती. फक्त पेशंटपुढे त्यांना उभं करता येत नव्हतं, ते नियमात बसत नव्हतं. पण तळघरात साच्यांची खोली होती. वर कापून काढलेली प्लास्टरं तिथे येत, आतून रिकामी. त्यांत प्लास्टरचा लगदा ओतून पायाची, हाताची प्रतिकृती करायची, घासून गुळगुळीत करायची; त्यावरून मग कृत्रिम आधार बनत. नाजूक काम होतं, माणूस मिळत नव्हता. पगार तोच. पेशंटशी काहीच संबंध येणार नव्हता.

"कोणाशीच?" मास्तरांनी विचारलं.

मेहुण्याने विचारलं. कोणाशीच नाही. आणि एक लहानशी गोष्ट. त्या खोलीच्या शेजारी कान तपासायची खोली आहे. तिथे पेशंटला अगदी बारीक आवाज ऐकवतात, त्यामुळे साच्यांच्या खोलीत बोललेलं चालत नाही. गुणगुणलेलंही नाही. आपल्याला बोलायची सवय आहे हे आम्ही पाहिलं आहे. तेव्हा करार पाठवण्याआधी एक शेवटचा व्हिडिओ हवा. कुठलाही अवयव चालेल. सबंध काम, एक शब्द न बोलता.

मेहुण्याने बहिणीला उचलून घ्यायचंच बाकी ठेवलं. काका वरून आले आणि म्हणाले, तिकडे माणसं बोलत नाहीतच, खिडकी बंद असते. सेक्रेटरींनी अर्ज पुढे सरकवला. शिवणवाल्या बाईंनी कोट आणून दिला. दंडात घट्ट होता.

मास्तर कांदा चिरत राहिले. "आणि मी 'नाही' म्हटलं तर?" त्यांनी कोणाला तरी विचारलं.

उत्तर हॉस्पिटलातल्या अर्धं उघडणाऱ्या त्या दारामागे होतं, सगळ्यांनाच दिसत होतं. शेवटी सासरेबुवाच म्हणाले, "जा तुम्ही. बोलायला काय, फोन आहे."

बायकोचा हात

पहिल्या वेळी मास्तर म्हणाले, "घट्ट होत नाही ना?" आणि व्हिडिओ वाया गेला.

दुसऱ्या वेळी ते फक्त "हं" म्हणाले. तोही गेला. तिसऱ्या वेळी न बोलता सुरू केलं आणि मनगटाशीच वेढा सुरकुतला. त्यानंतर मोजणं बंद झालं. रोज दुपारी बादली भरायची, बायको हात पुढे करायची, मेहुणा ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत येऊन फोन धरायचा. मग घट्ट व्हायच्या आतच ओलं प्लास्टर कात्रीने कापून कचऱ्यात. बायकोचा हात कोपरापर्यंत कोरडा, पांढरट पडला. बोलायचं नाही म्हणून मास्तर ओठ आत ओढून घेत, आणि आत ओढलेले ओठ काम संपल्यावरही बाहेर यायला वेळ लागे. जेवताना बायको काही विचारी. ते मानेनेच उत्तर देत.

मग एका दुपारी हात चालू लागले.

कापसाची पट्टी बसली. गुंडाळी बुडाली, बुडबुडे थांबले, पिळली गेली. पहिला वेढा, दुसरा, अर्ध्यावर अर्धा. घरात फक्त पाण्याचा आवाज होता. दिवाणावर सासरेबुवा पेपर न धरता बसले होते. मेहुण्याचा फोन जराही हलत नव्हता. मास्तरांची नजर प्लास्टरवर होती आणि चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

"अहो," बायको अगदी हळू म्हणाली, ओठ न हलवता. "घट्ट होतंय."

तळहात पुढे सरकला. पुढचा वेढा बसला.

"अहो. बोटं..."

मास्तरांनी वर पाहिलं नाही. उरलेली पट्टी त्यांनी ओढून घेतली, शेवटचं टोक दाबून बसवलं, आणि दोन्ही हातांनी सगळं प्लास्टर एकदा वरपासून खालपर्यंत गुळगुळीत केलं. एकही सुरकुती नव्हती. बायको दुसऱ्या हाताने साडीचा पदर चुरगळत फोनकडे बघत राहिली.

फोनमागून मेहुण्याने अंगठा वर करून दाखवला.